आपल्या वर्गातला अल्पसंख्याक

बेळगाव आणि कर्नाटकातल्या बाकीच्या सीमाभागातल्या मराठी माणसाला एक युक्तिवाद तोंडपाठ असतो. मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत त्याला शिकू द्या. जी भाषा त्याला कुणी शिकवलीच नाही, तिच्यात त्याची परीक्षा घेऊ नका. घटनेच्या ३५० अ कलमाचा आधार घेऊन हे आपण सभांत, निवेदनांत, भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांपुढे मांडत आलो आहोत, आणि ते बरोबरच आहे. पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीवर असलेल्या बिहारी कामगाराचा पंधरा वर्षांचा मुलगा मराठी माध्यमाच्या नववीत येऊन बसला की हा युक्तिवाद आपल्याला आठवत नाही. त्या वर्गात बहुसंख्य आपण असतो. ‘इथं राहायचं तर इथली भाषा शीक’ हे वाक्य कानडी अधिकाऱ्याच्या तोंडून आले तर आपल्याला झोंबते. वर्गात तेच आपण सहज बोलून जातो.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत इंग्रजी न येणारी चिनी मुले होती. शाळांचे म्हणणे असे की सगळ्यांना तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम देतो, मग भेदभाव कसला? १९७४ साली लाऊ विरुद्ध निकल्स या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. ज्याला भाषाच समजत नाही त्याच्या हाती तेच पुस्तक दिल्याने समानता येत नाही, असे ठरले. बेळगावातल्या कोणत्याही मराठी कार्यकर्त्याला हा निकाल आपल्या बाजूचा वाटेल. तो आपल्या शाळांनाही लागू आहे, हा या लेखाचा मुद्दा.

ही मुले एका साच्यातली नाहीत, आणि पहिली चूक सगळ्यांना ‘बाहेरची’ या एका खात्यात टाकण्याने होते. बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोड टोळ्या हंगामात अथणी, चिक्कोडी, रायबाग, संकेश्वर भागातल्या कारखान्यांवर येतात. त्यांची मुले मराठी बोलतात, पण अभ्यासक्रम महाराष्ट्राचा शिकलेली असतात आणि कन्नडचे अक्षरही ओळखत नाहीत. विजयपूरकडच्या तांड्यांतून आलेली लमाणी मुले घरी वेगळीच भाषा बोलतात. उत्तर प्रदेश, बिहारची मुले हिंदी किंवा भोजपुरी घेऊन येतात. खानापूर, चंदगडकडची कुटुंबे गोव्यात कामाला जातात आणि कधीतरी परततात. त्यांची मुले तिथल्या इंग्रजी माध्यमातून थेट इथल्या नववीत येतात. आडनाव गावचे, म्हणून या मुलाला अडचण असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. गोव्याहून परतलेल्या मुलाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते यामुळेच.

कायदा यांना अर्ध्या वाटेवर सोडतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा, आठवीपर्यंतचा. वयानुरूप वर्गात प्रवेश, मागे पडलेल्यांसाठी किमान तीन महिने ते दोन वर्षांपर्यंतचे विशेष प्रशिक्षण, दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही, हे सगळे त्या मर्यादेत. कर्नाटकात हायस्कूल आठवी ते दहावी. म्हणजे आठवीत आलेल्या मुलाला हक्क आहे आणि नववीत आलेल्याला मुख्याध्यापकांची मर्जी. टेंट शाळा, हंगामी वसतिगृहे यांचा भरही लहान मुलांवरच. पंधराव्या वर्षी स्थलांतर करणारे मूल कुणाच्याच यादीत नसते. मर्जीचा हा प्रांत निकालाच्या टक्केवारीने आणखी आकसतो. दहावीचा निकाल घसरला की खुलासा मागितला जातो, म्हणून नववीत ‘जागा नाही’ हे उत्तर तयार असते. टक्केवारी सांभाळण्यासाठी मूल दारातूनच परत पाठवणारी शाळा स्वतःला भाषिक अल्पसंख्याकांची शाळा म्हणवते, तेव्हा वाईट वाटते.

प्रवेश झाला की आधी कागद, कारण कागदाची चूक दहावीच्या अर्जापर्यंत गुपचूप बसून राहते. महाराष्ट्रातून आलेल्या मुलाची नोंद तिकडच्या ‘सरल’ या सरकारी विद्यार्थी-नोंद प्रणालीत, इथे ती कर्नाटकाच्या ‘सॅट्स’मध्ये करावी लागते. दोन्हीकडे चालणारा दुवा म्हणजे केंद्राच्या युडायस प्लस या शालेय नोंदीतला मुलाचा कायम क्रमांक, म्हणजे पेन. तो जुन्या शाळेकडून प्रवेशाच्या दिवशीच फोन करून घ्यावा. जुन्या शाळेने नाव मोकळे केले नसेल तर इथे ते ओढून घेता येत नाही, आणि त्या शाळेचा फोन दिवाळीत लागत नाही. परराज्याच्या दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. पालक पुन्हा गावी जाणार असतील तेव्हाच ती आणायला सांगावी, त्यासाठी वेगळी मजुरी बुडवायला लावू नये. मग नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, कर्नाटकात आद्याक्षरे, बिहारकडच्या कित्येक मुलांना आडनावच नसते. आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरे असले की अपार हा देशभर चालणारा विद्यार्थी-ओळख क्रमांक तयार होत नाही. ही दुरुस्ती नववीतच उरकावी.

शिष्यवृत्तीबाबत पालकांना खोटी आशा लावू नये. जातींच्या याद्या राज्यानुसार वेगळ्या आहेत. लमाणी किंवा बंजारा समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. महाराष्ट्राचे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलाला इथल्या शिष्यवृत्ती पोर्टलवर नाडकचेरीने, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयाने, जातीच्या दाखल्यावर दिलेला आरडी क्रमांक मागितला जातो आणि अर्ज तिथेच अडतो. हे जूनमध्येच सांगितले तर वडील वर्षभर खेटे घालत नाहीत.

आता वर्ग. पहिल्या आठवड्यात मुलाला उभे करून वाचायला लावू नये. नव्या भाषेत पडलेले मूल काही आठवडे, कधी दोनतीन महिने गप्प असते. ते ऐकत असते. त्या काळात त्याला वर्गापुढे उघडे पाडले की तो गप्पपणा कायमचा होतो. याच आठवड्यात ‘भय्या’ हे संबोधन वर्गातून हद्दपार करावे. मुले ते गमतीने वापरतात, काही शिक्षकही हसतात, आणि त्या मुलाचे नाव वर्षभर कुणाला ठाऊक होत नाही.

चाचणी जरूर घ्यावी, पण कशाची ते ठरवून. गणिताची दहाबारा उदाहरणे नुसत्या अंकांत द्यावीत: अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्यांचा गुणाकार, शेकडेवारी, एका चलाचे समीकरण, आकृती काढून दिलेले क्षेत्रफळ. चाळीस मिनिटे पुरतात. दुसऱ्या दिवशी तीच उदाहरणे शाब्दिक करून, मुलाला येणाऱ्या भाषेत. भाषांतर शाळेतला हिंदीचा शिक्षक करू शकतो. तिसऱ्या दिवशी तीच माध्यमाच्या भाषेत. पहिल्या दोन्हीत जमले आणि तिसऱ्यात अडले तर अडचण भाषेची आहे. पहिल्यातच अडले तर मागच्या इयत्तांतले राहून गेले आहे. या दोन रोगांना औषध वेगळे, पण शाळा दोघांनाही एकच मात्रा देते: खालच्या वर्गात बसवणे. सोळा वर्षांचा मुलगा बारा वर्षांच्या मुलांत बसवला की तो दिवाळीपर्यंत टिकत नाही. मिसरूड फुटलेल्या मुलाला लहान मुलांच्या बाकावर बसण्यापेक्षा भट्टीचे काम सोपे वाटते.

महाराष्ट्रातून आलेल्या मुलाचे नेमके काय राहिले आणि काय पुढे आहे हेही पाहावे. तिकडे नववीच्या गणिताची दोन पुस्तके, बीजगणित आणि भूमिती. इथे एकच विषय आणि पाठ्यक्रम बऱ्याच अंशी केंद्राच्या एनसीईआरटीचा. तिकडचा मुलगा नववीत संच आणि त्रिकोणमितीची ओळख शिकून आलेला असतो. इथे त्रिकोणमिती दहावीत येते. म्हणजे एका प्रकरणात तो वर्गाच्या पुढे आहे. ते प्रकरण आले की त्याला फळ्यापाशी बोलवावे. वर्गाच्या नजरेत त्याची जागा बदलायला हा तास पुरतो. उलट समाजविज्ञानात इथे इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र यांच्या जोडीला समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि व्यवहार अध्ययन असते, ते त्याला नवे. कदंब, होयसळ त्याने ऐकलेले नसतात. आदिलशाही मात्र त्याला शिवकालाच्या इतिहासातून ठाऊक असते. दख्खनचा धागा तिथून उचलला तर बाकीचे जोडता येते.

बाकी सगळ्याचे मूळ एका हिशेबात आहे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळी मोजायला हवी असे मांडले. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. आपल्याकडे नववीत आलेल्या मुलाकडे दहावीच्या परीक्षेपर्यंत दोन वर्षेही नसतात. बेळगावच्या शनिवार खुटाच्या बाजारात तो भाजीचा भाव मराठीतून करू लागला, की ‘आता त्याला येतं की’ असे म्हणून शिक्षक हात काढून घेतात. आणि ‘आधी भाषा येऊ दे, मग विषय’ ही भूमिका तर गणितानेच खोटी पडते. विषय आणि भाषा एकाच तासात, एकमेकांच्या आधाराने शिकवावी लागतात.

ते करायचे कसे? सगळ्यात सोपा दिसणारा मार्ग म्हणजे प्रत्येक वाक्य हिंदीत सांगत जाणे. तो फसतो. मूल मराठी वाक्य ऐकणे सोडून देते आणि हिंदीची वाट पाहत बसते; बाकीचा वर्ग कंटाळतो. त्यापेक्षा तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटे धड्याचा गाभा त्याच्या भाषेत सांगावा, मधला सगळा पाठ माध्यमाच्या भाषेतच घ्यावा, शेवटी दोन मिनिटे त्याच्याकडून त्याच्या भाषेत काढून घ्यावे. शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर पुस्तकाची मदत घ्यावी. कर्नाटकची पाठ्यपुस्तके कन्नड, इंग्रजी, मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, तमिळ अशा सात माध्यमांत निघतात आणि संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. गणित आणि विज्ञानासाठी एनसीईआरटीची हिंदी, उर्दू पुस्तकेही चालतात. मुलाने उद्याचा धडा आज रात्री स्वतःच्या भाषेत वाचून यावे. घरात दिवा नसेल तर त्या धड्याची दोन पाने छापून मधल्या सुट्टीत द्यावीत.

दर धड्याला आठ ते दहा शब्दांची तीन रकान्यांची यादी करावी: माध्यमाचा शब्द, मुलाच्या भाषेतला शब्द, छोटी आकृती. दहापेक्षा जास्त शब्द दिले की यादी वहीत राहते, डोक्यात जात नाही. कन्नड माध्यमात गेलेल्या मराठी मुलासाठी ही यादी फार कामाची, कारण निम्मे शब्द संस्कृतातून आलेले, ओळखीचे वाटतात आणि बाकीचे निम्मे दगा देतात. समीकरण, वर्गमूळ, आम्ल जवळपास तेच. पण आम्लारीला प्रत्याम्ल, पेशीला जीवकोश, त्रिकोणाला त्रिभुज.

दुसरी यादी याहून मोलाची आणि वर्षातून एकदाच करायची: प्रश्नपत्रिकेतल्या आज्ञांची. स्पष्ट करा, कारणे द्या, फरक सांगा, योग्य पर्याय निवडा, आकृती काढून भागांना नावे द्या, सिद्ध करा. अशा पंधराएक आज्ञा सगळ्या विषयांना पुरतात. मुलाला उत्तर येत असते आणि प्रश्न काय मागतो तेच कळत नाही. ‘फरक सांगा’ला तो दोन व्याख्या लिहून येतो आणि गुण जातात. त्या यादीचा तक्ता वर्गात भिंतीवर लावावा. वर्गातल्या बाकीच्यांचाही फायदा होतो.

जोडीदार द्यावा, दोन्ही भाषा बऱ्या येणारा, दुसऱ्यातिसऱ्या बाकावर. मात्र दर दोनतीन आठवड्यांनी बदलावा. तसे केले नाही तर जोडीदार फुकटचा दुभाषा होतो, त्याचा अभ्यास मागे पडतो, त्याचे पालक तक्रार घेऊन येतात आणि व्यवस्थाच मोडते.

कन्नडबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर ती कुठल्याच माध्यमात सहसा टाळता येत नाही, आणि महाराष्ट्रातून आलेले मूल बहुतेक तिच्यातच गळते. कायद्याविषयी मत काहीही असो, मुलाला पेपर द्यायचाच आहे. नववीचे कन्नड पुस्तक खालच्या इयत्तांत अक्षरओळख झाली आहे असे धरून चालते. शिक्षक धडा वाचून दाखवतात, उत्तरे फळ्यावर लिहितात, मूल चित्र काढावे तशी ती उतरवून घेते. वर्षाच्या शेवटी वही भरलेली असते आणि स्वतःचे नाव वाचता येत नाही. त्याऐवजी रोज अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस, बारा आठवडे फक्त लिपी. वर्णमालेचा क्रम देवनागरीचाच, त्यामुळे सुटी अक्षरे तीन आठवड्यांत होतात. मग चार आठवडे कागुणित, म्हणजे आपली बाराखडी. मग ओत्तक्षरे, म्हणजे जोडाक्षरे, आणि शेवटचे दोन आठवडे एसटीवरच्या पाट्या, दुकानांची नावे, औषधाची वेष्टने वाचण्याचे.

चुका कुठे होतात त्या जागाही ठरलेल्या आहेत. कन्नडात ए आणि ओ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन दोन रूपे आहेत. मराठी कानाला तो फरक ऐकूच येत नाही, आणि पीक व डाळ यांचे कन्नड शब्द एवढ्याच फरकावर वेगळे होतात. तो आधी कानाने पक्का करावा, लिहायला नंतर द्यावे. अनुस्वार आपला डोक्यावरचा टिंब, तिथे अक्षरापुढे शून्य. जोडाक्षरात दुसरे व्यंजन खाली जाते, आणि त, न, म, य, र, ल यांची खालची रूपे मूळ अक्षरासारखी दिसत नाहीत. ही सहा वेगळी पाठ करून घ्यावी लागतात. रफार तर उलटाच: उच्चार आधी, खूण पुढच्या अक्षराच्या उजवीकडे. ‘कर्नाटक’ हा शब्दच त्याचे उत्तम उदाहरण, प्रत्येक बसवर लिहिलेला. आणि शिक्षकाने एक सांगून टाकावे: बाजारातली बेळगावी कन्नड आणि पुस्तकातली कन्नड यांत बरेच अंतर आहे, त्यामुळे बोलता येते म्हणून पेपर सुटेलच असे नाही.

मूल्यमापनात शिक्षकाचा हात जिथे मोकळा आहे तिथे तो वापरावा. गणित, विज्ञान, समाजविज्ञानात ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत. लेखीवर आपला अधिकार नाही; अंतर्गत वीस ज्या आकारिक चाचण्यांतून येतात त्यांत तोंडी उत्तर, आकृती, प्रयोग करून दाखवणे, पहिल्या सहामाहीत स्वतःच्या भाषेत लिहिलेले उत्तर, हे सगळे घेता येते. विज्ञानाच्या उत्तराला शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. याला सवलत म्हणणाऱ्यांनी विचार करावा, की चाचणी प्रकाशसंश्लेषणाची आहे की मराठीची. भाषांची निवडही प्रवेशावेळीच पाहावी: प्रथम भाषेच्या यादीत हिंदी, उर्दू, तेलुगू, तमिळही आहेत. ती भाषा शिकवणारी शाळा तालुक्यात असेल तर पालकांना तसे सांगणे हा प्रामाणिकपणा आहे, भले आपला पट एकाने कमी होवो.

दहावीत, नोव्हेंबरात, टोळीबरोबर आलेले मूल हा वेगळा प्रश्न. कर्नाटकाचा राज्योत्सव की मराठी भाषकांचा काळा दिवस यावर शहर तापलेले असते त्याच सुमारास कारखान्यांच्या आवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. या मुलाचे नाव महाराष्ट्राच्या शाळेतून हलवू नये. इथे ७५ टक्के हजेरी भरणार नाही, कन्नड तीन महिन्यांत येणार नाही, आणि तिकडची परीक्षाही हातची जाईल. वर्गात बसू द्यावे, पुस्तके द्यावीत, सराव करून घ्यावा आणि फेब्रुवारीत परीक्षेला गावी कोण नेणार हे मुकादमाशी बोलून आधी ठरवावे. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेले आईबाप हंगाम सोडून जाऊ शकत नाहीत. आजी, चुलता, कुणीतरी लागते.

मुलींचे वेगळे. चौदापंधराची मुलगी कोपीवर धाकटी भावंडे सांभाळते, आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू असतात, कारण ऊसतोडीच्या मजुरीच्या हिशेबात जोडपे म्हणजे पूर्ण कोयता आणि एकटा म्हणजे अर्धा. सलग तीन दिवस गैरहजेरी दिसली की चौथ्या दिवशी कुणीतरी जाऊन यावे, शक्यतो शिक्षिका. कर्नाटकाने २०१७ च्या दुरुस्तीने बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो, तो लावायचाही असतो. मुलांच्या बाबतीत फौंड्री, भट्टी यांसारख्या धोकादायक कामावर अठराच्या आत कुणालाही ठेवता येत नाही. ‘सुट्टीत थोडा हातभार’ या नावाखाली हे चालते आणि जूनमध्ये मूल परतत नाही.

पालकसभा दुपारी तीनला ठेवायची आणि ‘हे लोक येतच नाहीत’ म्हणायचे, हा जुना खेळ. कामाची पाळी सुटल्यावर, रात्री आठनंतर फोन करावा. घरातली भांडणे, फी, गैरवर्तन असे नाजूक बोलणे त्याच मुलाला दुभाषा करून कधीही करू नये. तो बापाला काय सांगतो आणि काय गाळतो ते आपल्याला कळणार नाही.

एवढे सगळे करायला वेळ कुठे, ही तक्रार खोटी नाही. निवडणूक, गणना, माध्यान्ह आहार यांतून शिक्षक मोकळा कधी होतो? म्हणूनच हे काम ‘ज्याला कळवळा असेल त्याने करावे’ यावर सोडता येत नाही. मुख्याध्यापकांनी एका शिक्षकाच्या नावावर ही मुले द्यावीत, वेळापत्रकात त्याचा रोजचा एक तास कमी करावा, कन्नडचा अर्धा तास प्रार्थनेआधी लावावा आणि महिन्यातून एकदा शिक्षकबैठकीत या मुलांचा नावानिशी आढावा घ्यावा. मुक्त विद्यालयाचा रस्ता आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) दहावी देता येते, मराठी माध्यमही आहे. ज्याला खरोखर काम करून शिकायचे आहे त्याच्यासाठी तो उत्तम. शाळेचा निकाल स्वच्छ ठेवण्यासाठी मूल तिकडे ढकलायचे असेल तर तो शाळाबाह्यच झाला.

हंगाम संपून टोळी परतताना मुलाच्या हाती एक पान द्यावे. किती दिवस हजर होता, कोणत्या विषयाची कोणती प्रकरणे झाली, अंकांतली चाचणी कशी गेली, कन्नडची किती अक्षरे आली, चष्मा किंवा औषध लागते का, आणि शिक्षकाचा फोन. कागद ट्रकमध्ये हरवतो, म्हणून त्याचा फोटो वडिलांच्या मोबाइलवर आणि मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांनाही पाठवावा. तसे केले नाही तर जूनमध्ये तिकडे ‘सहा महिने गैरहजर’ एवढीच नोंद राहते आणि मुलाला पुन्हा मागच्या वर्गाची पुस्तके दिली जातात.